हिरवळीवरची फवारणी : मात्रा, वेळ आणि माणूस

क्रिकेटची मैदाने, गोल्फ कोर्स, घोड्यांच्या शर्यतींचे मार्ग, महापालिकांची उद्याने, गृहनिर्माण सोसायट्यांमधील मोकळे चौक आणि अलीकडे शहरांच्या वेशीवर उभी राहिलेली लग्नाची लॉन्स या सर्व ठिकाणी नियमित कापलेले, पायदळी तुडवले तरी पुन्हा उभे राहणारे जे गवत जोपासले जाते, त्याची निगा शेतीच्याच शास्त्रावर चालते; तरीही शेत आणि हिरवळ यांच्यात एक मूलभूत फरक आहे. शेतातील पीक कापून माणसांकडे जाते आणि हिरवळीच्या बाबतीत माणसेच पिकाकडे येतात. खेळाडू तिच्यावर झेपावतात, मुले लोळतात, ज्येष्ठ नागरिक पहाटे अनवाणी चालतात आणि माळी तर दिवसातील आठ तास तिच्यावर वाकलेला असतो. त्यामुळे शेतमालाच्या बाबतीत कीडनाशकाचा अंश उतरण्यासाठी काढणीपूर्वी जो प्रतीक्षाकाळ पाळला जातो, तसा काळ हिरवळीला आपोआप मिळत नाही. तो ठरवून द्यावा लागतो.

दुसरा फरक हिशेबाचा आहे. १९५९ मध्ये स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक कीड नियंत्रणाची संकल्पना मांडली आणि तिच्या केंद्रस्थानी 'आर्थिक नुकसानीची पातळी' ही कसोटी ठेवली. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होईल अशी चिन्हे दिसू लागली, तरच फवारणी करावी, असा तिचा साधा अर्थ आहे. कापूस वा उसाच्या बाबतीत हा हिशेब रुपयांत मांडता येतो. हिरवळीला बाजारभाव नसल्याने तिथे मोजायचे असते ते खेळण्यास योग्य पृष्ठभाग आणि डोळ्यांना बरे दिसणे. यांपैकी पहिल्या गरजेसाठी, म्हणजे चेंडू सरळ जावा आणि खेळाडूचा पाय घसरू नये यासाठी, काही जोखीम पत्करणे समजण्यासारखे आहे. केवळ रंग एकसारखा दिसावा म्हणून विष वापरण्याचे समर्थन मात्र फारच दुबळे ठरते. म्हणूनच हिरवळीवर फवारणी करण्याचा निर्णय शेतातील निर्णयापेक्षा अधिक कठोर कसाला लावला पाहिजे, आणि या कसाला उतरणारी फवारणी केवळ सुरक्षितच नसते, तर बहुतेक वेळा परिणामकारकही तीच असते.

गवत आणि त्याची दुखणी

महाराष्ट्रातील बहुतेक खेळाच्या मैदानांवर जे गवत असते ते मूळचे आपल्या ओळखीचे आहे. शास्त्रज्ञ ज्याला 'सायनोडॉन डॅक्टिलॉन' म्हणतात आणि जगभरचे मैदानतज्ज्ञ ज्याला बर्म्युडा म्हणून ओळखतात, ती हीच हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. रोपवाटिकांतून 'सिलेक्शन नंबर १' या नावाने मिळणारे लॉन याच कुळातील असून, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी विकसित केलेल्या संकरित जातीही याच वंशातील आहेत. हरळी जमिनीवरच्या धावत्या खोडांनी आणि जमिनीखालच्या कांड्यांनी अशी दुहेरी पसरते. त्यामुळे तुडवणे, कापणे आणि ऊन सोसण्याची तिची क्षमता विलक्षण असते, परंतु दाट सावली आणि साचलेले पाणी तिला मानवत नाही.

हिरवळीच्या दुखण्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग किडींचा असून त्यात हुमणी, लष्करी अळी, वाळवी आणि मातीत बोगदे करणारे किडे येतात. दुसरा वर्ग बुरशीजन्य रोगांचा आहे : नाण्याएवढे फिकट ठिपके पाडणारा डॉलर स्पॉट, तपकिरी वर्तुळे उमटवणारा ब्राउन पॅच आणि उष्ण, दमट रात्रींत काही तासांत पसरणारा पिथियम. तिसरा वर्ग तणांचा असून त्यात लव्हाळा सर्वांत चिवट समजला जातो. किडींसाठी कीटकनाशक, बुरशीसाठी बुरशीनाशक आणि तणांसाठी तणनाशक अशी या औषधांची विभागणी होते. 'कीडनाशक' हा शब्द शास्त्राच्या परिभाषेत या तिन्हींना मिळून वापरला जातो व या लेखातही तो त्याच अर्थाने आला आहे.

वनस्पतिरोगशास्त्रात 'रोग-त्रिकोण' नावाची एक मांडणी आहे. रोगाला बळी पडणारे झाड, रोगकारक जिवाणू वा बुरशी आणि अनुकूल हवामान या तिन्ही बाजू जुळल्याखेरीज रोग होत नाही, असे ती सांगते. यांतील हवामानाची बाजू मैदानाच्या व्यवस्थापकाच्या हातात वाटते त्याहून अधिक असते. रात्री पाणी दिल्यास पाती सकाळपर्यंत ओली राहतात आणि बुरशीच्या बीजाणूंना रुजण्यास तेवढा ओलावा पुरतो; तेच पाणी पहाटे दिले आणि पात्यांवरचे दव मैदानावरून दोरखंड ओढून झटकले, तर ओलाव्याचे तास घटतात. नत्र कमी पडले की डॉलर स्पॉट बळावतो, तर युरियाचा मारा वाढला की ब्राउन पॅच आणि पिथियम यांना मोकळे रान मिळते. एका कापणीत पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक उंची छाटली तर गवताला अन्न बनवणारे पान पुरेसे उरत नाही आणि मुळे आखडतात. मेलेली खोडे व मुळे यांचा मातीवर साचणारा थर, ज्याला मैदानावरची मंडळी थॅच म्हणतात, सव्वा सेंटीमीटरहून जाड झाला की तो पाणी अडवतो, बुरशी पोसतो आणि वरून टाकलेले औषधही स्वतःतच जिरवून घेतो. या साऱ्या गोष्टी दुरुस्त न करता केलेली फवारणी लक्षण दडपते, मूळ कारण तसेच ठेवते आणि पुढच्या फवारणीची सोय करून जाते.

इतिहासाने दिलेले इशारे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतील गोल्फ मैदानांवर शिसे आणि आर्सेनिक यांचे संयुग असलेले लेड आर्सेनेट अळ्यांसाठी, तर पाऱ्याची संयुगे बुरशीसाठी सर्रास वापरली जात. शिसे, आर्सेनिक आणि पारा ही मूलद्रव्ये असल्याने त्यांचे विघटन होत नाही; ती मातीत साचून राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरिनयुक्त कीटकनाशके आली, त्यांचे दीर्घकाळ टिकणे घातक ठरल्यावर ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या गटांना पुढे आणले गेले. ती लवकर विघटित होत असली तरी तत्काळ विषबाधेच्या दृष्टीने अधिक धोकादायक होती. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचा दोष दूर केला आणि स्वतःचा नवा दोष सोबत आणला.

१९८४ या एकाच वर्षात या औषधांची किंमत दोन अगदी वेगळ्या ठिकाणी दिसून आली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका गोल्फ मैदानावर डायझिनॉन या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची फवारणी झाल्यानंतर तिथे चरायला उतरलेले सुमारे ७०० ब्रँट हंस मृत्युमुखी पडले. हंस गवत खातात, त्यामुळे माणसाच्या दृष्टीने केवळ पृष्ठभाग असलेली हिरवळ त्यांच्यासाठी वाढलेले ताट होती. अशा घटनांच्या आधारे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये गोल्फ मैदाने आणि लॉनच्या रोपवाटिका यांवरील डायझिनॉनचा वापर रद्द केला. १९८४ मध्येच २ आणि ३ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तो कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीसाठी साठवलेला होता. आणि कार्बारिल हे शेतीबरोबरच पाश्चात्त्य लॉन व गोल्फ मैदानांवरही अनेक वर्षे वापरले गेलेले औषध होते. हिरवळीवर पडणाऱ्या थेंबामागे कारखाना, वाहतूक, साठवण आणि फवारणी अशी माणसांची लांबलचक साखळी असते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

भारत सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये ज्या कीडनाशकांवर बंदी घातली, त्यांत कार्बारिल, डायझिनॉन, बेनोमिल, फेनारिमॉल आणि पाऱ्याचे एक संयुग यांचा समावेश होता. या यादीतील अनेक नावे हिरवळीच्या व्यवस्थापनाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून शिफारस म्हणून आलेली आहेत. त्यामुळे जुने परदेशी पुस्तक वा कुठूनतरी मिळालेला तक्ता समोर ठेवून औषध निवडण्याची पद्धत केवळ कालबाह्य नाही, तर बेकायदेशीरही ठरू शकते.

हुमणी : निदानाचा वस्तुपाठ

परिणामकारक वापर म्हणजे काय, हे हुमणीच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते. ऊस आणि भुईमुगाच्या शेतकऱ्यांना सुपरिचित असलेली ही कीड म्हणजे भुंगेऱ्यांची मातीत राहणारी, इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकारात वळलेली, पांढुरकी अळी होय. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की जमिनीतील भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ आणि बोर अशा झाडांवर जमतात, तिथे पाला खातात, मीलन करतात आणि पहाटेपूर्वी मातीत परतून अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या आरंभी कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतात, पुढे मुळे कुरतडू लागतात आणि तिसऱ्या अवस्थेत त्यांची भूक सर्वाधिक असते. मुळे तुटलेली हिरवळ पाणी देऊनही सुकते आणि हाताने ओढली तर जमिनीवरून सतरंजीसारखी गुंडाळून येते.

हे चिन्ह बहुतेक ठिकाणी पावसाळा सरता सरता दिसते आणि तेव्हाच फवारणीची धावपळ सुरू होते; परंतु त्या वेळी अळी मोठी, औषधाला दाद न देणारी आणि मातीत खोल गेलेली असते. औषधाचा खरा उपयोग अळी लहान आणि पृष्ठभागाजवळ असताना, म्हणजे भुंगेरे निघाल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतो, जेव्हा वर सारे हिरवेगार दिसत असते. नुकसान दिसण्याच्या आधी निर्णय घ्यायचा असल्याने तो अंदाजावर न सोडता मोजणीवर आधारावा लागतो. मोजणीची रीत सोपी आहे. संशयित जागी फावड्याने एक फूट बाजूच्या चौकोनाच्या तीन कडा कापून गवताचा तुकडा मागे उलटवायचा, खालची सुमारे दहा सेंटीमीटर माती हाताने मोकळी करून अळ्या मोजायच्या, तुकडा पुन्हा जागेवर दाबून पाणी घालायचे आणि मैदानाच्या वेगवेगळ्या भागांत हीच कृती करून आकडे वहीत टिपायचे. लष्करी अळीसाठी याहून सोपी चाचणी आहे : चार लिटर पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण दोन मोठे चमचे मिसळून ते पाणी सुमारे एक चौरस मीटर गवतावर ओतले, की गवतात दडलेल्या अळ्या काही मिनिटांत वर येतात.

अळ्या सापडल्या म्हणजे औषध टाकलेच पाहिजे असे नाही. जोमदार मुळे असलेली आणि नीट पाणी मिळणारी हरळी चौरस फुटाला दोन-चार अळ्या कोणतीही खूण न दाखवता सोसते. संख्या वाढती असेल तर पहिला उपाय भुंगेऱ्यांच्या पातळीवर करावा : वळवानंतरच्या संध्याकाळी मैदानाभोवतीच्या कडुनिंब-बाभळींच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे आणि प्रकाश सापळे लावणे हे उपाय ऊसपट्ट्यात सामुदायिक मोहिमेच्या रूपाने केले जातात आणि मैदानाच्या मर्यादित परिसरात ते अधिक सहज जमतात. दुसरा उपाय जैविक आहे. 'मेटारायझियम' ही अळ्यांना रोग लावणारी हिरवी बुरशी एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये गव्हावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांवर प्रथम अभ्यासली होती आणि आज ती महाराष्ट्रातील कृषी सेवा केंद्रांतही मिळते. अळीच्या शरीरात शिरून तिला मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी हा तिसरा पर्याय. या गटातील 'हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' ही उष्ण हवामानाची प्रजाती भारतातच कोइमतूर येथे सापडली आणि १९९२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. या सजीव उपायांना ओलसर माती लागते आणि रणरणते ऊन ते सोसू शकत नाहीत, म्हणून ते संध्याकाळी, पाणी दिलेल्या जमिनीवर वापरावे लागतात.

रासायनिक औषध अपरिहार्य ठरलेच, तर ते पात्यावर राहून उपयोगाचे नसते, मुळाशी पोहोचावे लागते. त्यासाठी थॅचचा थर आधी विरळ करणे, जमीन ओलसर असणे आणि औषध टाकल्यावर लगेच सुमारे दहा मिलिमीटर पाणी देणे आवश्यक असते. दहा मिलिमीटर पाणी म्हणजे दर शंभर चौरस मीटरला एक हजार लिटर. एवढी तजवीज नसेल तर औषध वरच्या थरातच अडकते, अळी मरत नाही आणि विष मात्र माणसांच्या पायांशी राहते. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलेले औषध तर गटारामार्गे ओढ्यात जाते. एकच चूक औषधाला निष्फळ आणि घातक अशी दोन्ही कशी बनवते, हे इथे दिसते.

मोजमापाचे शास्त्र

औषधाच्या बाटलीवरील मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते, तर फवारणारा माणूस ती पंपाच्या भाषेत, म्हणजे एका टाकीला किती टोपणे, अशी ऐकतो. या दोन भाषांमधला दुवा म्हणजे पंपाचे अंशांकन, अर्थात आपला पंप, आपले नोझल आणि आपली चाल यांनी ठरावीक क्षेत्रावर किती पाणी पडते याची मोजणी. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन आखून घ्यावा, पंपात खुणेपर्यंत नुसते पाणी भरावे, नेहमीच्या चालीने तो चौकोन फवारावा आणि खुणेपर्यंत पुन्हा भरण्यासाठी किती पाणी लागले ते मोजावे. समजा ते पाच लिटर भरले, तर हेक्टरी ५०० लिटर पाणी लागते. औषधाची शिफारस हेक्टरी ५०० मिलिलिटर असेल तर प्रमाण लिटरला एक मिलिलिटर, १६ लिटरच्या टाकीला १६ मिलिलिटर आणि एका टाकीचे क्षेत्र ३२० चौरस मीटर ठरते.

आता ७० मीटर त्रिज्येचे क्रिकेटचे मैदान घेतले, तर त्याचे क्षेत्र सुमारे १५,४०० चौरस मीटर, म्हणजे दीड हेक्टरहून किंचित अधिक भरते. वरील हिशेबाने त्यावर सुमारे ४८ टाक्या आणि ७७० मिलिलिटर औषध लागेल. परंतु फवारणारा थकून हळू चालू लागला किंवा नोझलचे छिद्र झिजून मोठे झाले आणि शंभर चौरस मीटरला आठ लिटर पाणी पडू लागले, तर लिटरला एक मिलिलिटर हे प्रमाण कायम ठेवूनही १,२३० मिलिलिटर औषध मैदानावर जाते, म्हणजे मात्रा साठ टक्क्यांनी वाढते आणि ती वाढल्याचे कोणाच्याही ध्यानात येत नाही. उलट घाईने चालल्यास मात्रा कमी पडते, कीड अर्धवट मरते आणि जे जीव तग धरतात त्यांचीच पुढची पिढी वाढते.

औषधाला न जुमानण्याच्या या क्षमतेला प्रतिकारशक्ती म्हणतात आणि डॉलर स्पॉटच्या बुरशीत ती अनेक बुरशीनाशक गटांविरुद्ध आढळलेली आहे. म्हणून औषधे आलटून पालटून वापरण्याचा सल्ला दिला जातो. मात्र हा पालट बाटलीवरच्या नावाचा नसून क्रियापद्धतीचा असावा लागतो. बाजारात दहा नावांनी मिळणारे कार्बेन्डाझिम एकाच पद्धतीने बुरशीवर काम करते, त्यामुळे नाव बदलून तेच पुन्हा फवारण्याने काहीच साधत नाही. प्रत्येक सक्रिय घटकाला आंतरराष्ट्रीय समित्यांनी क्रियापद्धतीनुसार गट क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक वहीत टिपून सलग दोन फवारण्यांत तोच गट येऊ न देणे हा सर्वांत साधा नियम होय.

थेंबाचा आकारही मात्रेइतकाच महत्त्वाचा असतो. अतिसूक्ष्म तुषार पात्यावर टेकण्यापूर्वीच वाऱ्याबरोबर वाहतात, तर फार मोठे थेंब पात्यावरून ओघळतात. तणनाशकासाठी पंख्याच्या आकाराचा सपाट फवारा देणारे नोझल, कमी दाब आणि ताशी तीन ते दहा किलोमीटर वाऱ्याचा वेग ही योग्य परिस्थिती समजली जाते. अगदी निवांत हवाही फसवी असते, कारण तेव्हा तुषार जमिनीलगत तरंगत राहून अनपेक्षित दिशेने सरकतात. रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक गवताला सहसा इजा करत नाही; परंतु द्राक्ष आणि कापूस ही पिके त्याला कमालीची संवेदनशील आहेत. त्यामुळे नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातील एखाद्या लॉनवर वाऱ्याची दिशा न पाहता केलेली फवारणी शेजारच्या बागेतील वेली वाकड्या करू शकते. लव्हाळ्याच्या बाबतीत तर २,४-डीने वरची पात जळते आणि जमिनीखालच्या गाठी शाबूत राहतात. तिथे पाण्याचा निचरा सुधारणे आणि गाठींपर्यंत पोहोचणारे निवडक औषध योग्य अवस्थेत वापरणे यांखेरीज गत्यंतर नसते.

फवारणारा माणूस

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, जोरदार तुषार उडवणारे पंप, मिश्रण केलेली जहाल औषधे आणि अंगावर संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे तेव्हा चर्चेत आली. हिरवळ घोट्याएवढीही उंच नसते, त्यामुळे तिथे तोंडावर तुषार कमी येतात हे खरे. परंतु फवारणारा स्वतःच्या पुढे फवारत ओल्या गवतातून चालत जातो, पाठीवरचा पंप झाकणातून झिरपतो आणि त्याचा सदरा व विजार भिजते. कीडनाशक शरीरात शिरण्याचा प्रमुख मार्ग नाक वा तोंड नसून कातडी हा आहे, आणि जांघेसारख्या भागातील कातडी हाताच्या कातडीपेक्षा अनेक पटींनी अधिक शोषण करते. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की संरक्षण करण्याऐवजी विष तोंडाशी धरून ठेवतो. सर्वांत मोठा धोका फवारणीतही नसून बाटलीतले तीव्र औषध मोजून पाण्यात ओतताना असतो, आणि नेमके हेच काम अनेकदा उघड्या हातांनी, काडीने ढवळत केले जाते.

भारतातील प्रत्येक कीडनाशकाच्या वेष्टणावर चौकोनात रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. ही वर्गवारी प्रयोगातील निम्मे प्राणी मरतील अशा मात्रेवर आधारलेली असते. शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेला लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा असा तिचा क्रम आहे. हा त्रिकोण केवळ एका वेळच्या विषबाधेविषयी बोलतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर घेणाऱ्या माळ्याचे काय होईल, पाण्यातील माशांचे वा मधमाश्यांचे काय होईल, हे त्यावरून कळत नाही. तरीही निवडीची पहिली चाळणी म्हणून तो उपयुक्त आहे. जिथे मुले खेळतात त्या हिरवळीवर लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची औषधे आणूच नयेत, असा नियम कोणतीही सोसायटी वा क्लब आजच करू शकतो.

नायट्राइलचे हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांना चष्मा, औषधानुसार योग्य मास्क, पाठीला झिरप लागू नये म्हणून प्लास्टिकचा आडोसा आणि काम संपताच साबणाने आंघोळ एवढी तयारी खर्चिक नाही. उन्हाच्या काहिलीत ती असह्य होते हे खरे असल्याने फवारणी सकाळच्या पहिल्या प्रहरात आटोपणे हाच त्यावरचा मार्ग आहे. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, घाम आणि लाळ सुटणे, मळमळ, स्नायू फडफडणे आणि श्वास जड होणे ही ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेची लक्षणे होत. ती दिसताच कपडे उतरवून अंग धुणे आणि औषधाच्या वेष्टणासह रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण ॲट्रोपिनसारखा उतारा द्यायचा की नाही हे ठरवताना डॉक्टरांना वेष्टणावरील नावाची मोठी मदत होते. उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवय म्हणूनच प्राणघातक आहे.

हिरवळीवर येणारे सारे

फवारा पूर्ण वाळेपर्यंत आणि लेबलवर सांगितलेला काळ संपेपर्यंत मैदान बंद ठेवणे, प्रवेशाशी औषधाचे नाव, तारीख आणि पुन्हा प्रवेशाची वेळ लिहिलेला फलक लावणे, तसेच फुललेले तण आधी कापून मगच फवारणी करणे, म्हणजे मधमाश्या त्यावर येणार नाहीत, हे जगभर मान्य असलेले नियम आहेत. महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांत आणखी दोन नियमांची भर पडली पाहिजे. पहिला दूर्वांविषयी. भाद्रपदात गणेशोत्सवाच्या दिवसांत उद्यानांतून, सोसायट्यांच्या लॉनवरून आणि मैदानांच्या कडांवरून दूर्वा खुडल्या जातात, एकवीस-एकवीसच्या जुड्या देवघरांत जातात आणि काही घरांत दूर्वांचा रस औषध म्हणून घेतलाही जातो. हाच काळ हुमणी आणि बुरशी यांच्यावरील फवारण्यांचा असतो. त्यामुळे श्रावणापासून गणेशोत्सव संपेपर्यंत सार्वजनिक हिरवळीवर रासायनिक फवारणी न करणे किंवा अपरिहार्य असल्यास दूर्वा न खुडण्याची स्पष्ट सूचना लावणे, हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरते. दुसरा नियम कापलेल्या गवताविषयी. अनेक ठिकाणी ते गोठ्यांना वा गोशाळांना दिले जाते. चाऱ्यासाठी नोंदणी नसलेल्या औषधाचा अंश त्यातून जनावरात आणि दुधात उतरू शकतो, म्हणून फवारणीनंतरच्या कापण्यांतील गवत चारा म्हणून देऊ नये.

कायद्याची चौकट आणि तिच्यातील पोकळी

केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन मिसळले गेलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली आणि त्या घटनेतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आकाराला आला. या कायद्याखाली प्रत्येक औषधाची नोंदणी पीकनिहाय आणि कीडनिहाय होते. ज्या पिकावर, ज्या किडीसाठी व ज्या मात्रेत वापर मंजूर आहे, त्याला कृषिक्षेत्रात लेबल क्लेम म्हणतात. उसातील हुमणीसाठी असा क्लेम असलेली औषधे आहेत, उसातील लव्हाळ्यासाठीही आहेत; परंतु या नोंदणीचा सारा रोख शेतपिकांवर असल्याने मैदानाचा व्यवस्थापक बहुतेक वेळा उसाची वा भाताची मात्रा हिरवळीला लावून पाहतो. उसाच्या फडात मूल अनवाणी खेळत नाही, हा फरक त्या मात्रेत धरलेला नसतो. शिवाय कायद्याचा भर उत्पादन, विक्री आणि साठवण यांवर असून, स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीसाठी होणारा वापर त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

कॅनडातील अनुभव इथे विचारात घेण्यासारखा आहे. क्वेबेक प्रांतातील हडसन या छोट्या गावाने १९९१ मध्ये केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीडनाशकांच्या वापराला आळा घालणारा स्थानिक नियम केला; लॉनच्या निगेचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा अधिकार मान्य केला. पुढे ओंटारिओ प्रांताने २००९ मध्ये शोभेच्या वापरावर बंदी आणली. गोल्फ मैदानांना त्यातून सूट मिळाली, परंतु एकात्मिक कीड नियंत्रणाचे प्रमाणीकरण घ्यावे आणि दरवर्षी किती औषध, कशासाठी वापरले याचा जाहीर अहवाल नागरिकांपुढे ठेवावा, या अटींवर. खेळाच्या पृष्ठभागाची खरी गरज आणि निव्वळ शोभा यांत भेद करणे आणि गरज असेल तिथे वापरणाऱ्यानेच जाहीर हिशेब देणे, ही दोन तत्त्वे त्यातून हाती लागतात.

ही तत्त्वे स्वीकारण्यासाठी महाराष्ट्रातील महापालिका, जिमखाने, क्लब आणि सोसायट्या यांना नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. बागेच्या निगेचे कंत्राट देताना वर्षाला ठरावीक फवारण्यांची संख्या लिहिण्याऐवजी पाहणी आणि मोजणी करण्याचे बंधन लिहिता येते, कारण फवारणीच्या संख्येवर पैसे मिळत असतील तर गरज नसतानाही फवारणी होणारच. मोजणीचे आकडे, औषधाचा सक्रिय घटक, गट क्रमांक, त्रिकोणाचा रंग, क्षेत्र, प्रत्यक्ष लागलेली मात्रा, वारा, पाऊस आणि दहा दिवसांनी दिसलेला परिणाम यांची नोंद असलेली वही कोणत्याही सभासदाला पाहता येईल अशी ठेवता येते. अशी वही दोन पावसाळे चालली, की कोणती फवारणी उपयोगी पडली आणि कोणती केवळ सवयीने झाली हे त्या मैदानापुरते निश्चितपणे कळू लागते, खर्च घटतो आणि औषधही घटते. माळ्याला हातमोजे आणि गमबूट पुरवणे, त्याला अंशांकन शिकवणे आणि वारा चुकीचा असल्यास फवारणी नाकारण्याचा अधिकार त्याला लेखी देणे ही जबाबदारी मालकाची आहे, कारण औषध, मात्रा आणि दिवस यांची निवड मालक करतो आणि अंगावर मात्र ते माळी घेतो.

हिरवळ ही सार्वजनिक आरोग्याची मोलाची ठेव आहे. गर्दीच्या शहरांत मुलांना धावण्यासाठी मऊ जमीन उरणे हेच मोठे भाग्य आहे, आणि म्हणून तिच्या रक्षणासाठी कधीमधी कीडनाशक वापरावे लागले तर त्यात गैर काही नाही. मात्र काही पिवळे ठिपके, कडेचे थोडे तण आणि चौरस फुटाला दोन-चार अळ्या असलेली हिरवळ निरोगी मानायला तिचा उपभोग घेणाऱ्यांनी शिकले पाहिजे. वर्षभर बिनडाग हिरवेपणाची मागणी जोवर ग्राहक, सभासद आणि प्रेक्षक करीत राहतील, तोवर व्यवस्थापक ती औषधाने पुरवीत राहील आणि त्या मागणीची किंमत पाठीवर पंप घेतलेला माणूस व गवतावर लोळणारे मूल चुकवीत राहील. ती मागणी थोडी सैल करणे हा कीडनाशकाचा वापर सुरक्षित करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो योजण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नाही.